उचित शिक्षा

लष्कर, ग्वाल्हेर
गुरुवार, २ जून १९४९

संस्थान गेलं, शिकारखाना गेला आणि आज माझी शिकारखान्यातली कारकुनीही गेली. तिच्या बदली जो हुकूम हातात पडला त्यात लिहिलंय की माधवराव आजपासून मध्यभारत शासनाचे हंगामी मत्स्य निरीक्षक. राजलक्ष्मीने पोळी तव्यावर तशीच टाकून विचारलं, "अहो, म्हणजे तुम्हाला मासेवाला केलं?"

मी म्हटलं, मासेवाला नव्हे, निरीक्षक. ती म्हणाली, फरक काय तो आंघोळीच्या वेळी कळेल.

पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याने दरबारची दप्तरं सांभाळली. जन्मात मी मासा शिजताना पाहिला नाही, मग जिवंत कुठून पाहणार? पण तक्रार कोणाकडे करू? ग्वाल्हेर आणि इंदूर एक केल्यापासून प्रत्येक खुर्चीवर दोन माणसं बसलीत. इंदुरातही एक मत्स्य निरीक्षक आहे. या पावसाळ्यात दोघांतला एकच ठेवणार, दुसरा 'जादा'. आमचे नवे संचालक दौलतसिंहजी उन्हाळ्याची राजधानी म्हणून सध्या इंदुरात बसतात. त्यांनी साफ कळवलंय की माशांच्या विणीच्या दिवसांत तळ्यांवर मासेमारी बंद करून दाखवा. ज्याची बंदी टिकेल तो राहील. या वयात जादा होऊन घरी बसायचं म्हणजे मला मरण आहे. हे इथेच लिहितो, राजलक्ष्मीला सांगणार नाही.

हुकुमासोबत नमुना म्हणून किनाऱ्यावरच्या मासेमारीची नियमावली आली आहे. त्यात भरती-ओहोटी आहे, शिडाच्या होड्या आहेत, बंदरं आहेत. हौशी गळवाल्यांना वेगळे नियम, धंद्याच्या जाळीवाल्यांना वेगळे. बंदी 'नारळी पौर्णिमेपर्यंत', कारण त्या दिवशी कोळी समुद्राला नारळ देतात. सारं वाचून झाल्यावर मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर किल्ल्याचा खडक आणि धूळ. समुद्र काढून टाकून उरेल तेवढं घ्यायचं ठरवलं. नारळी पौर्णिमा मात्र ठेवली, तेवढी एकच गोष्ट ओळखीची वाटली.

रविवार, ५ जून

टांग्याने कछौआच्या तळ्यावर जाऊन आलो. माझी बंदी इथेच टिकायची आहे. दरबारच्या काळात इथे परवान्याशिवाय कोणी गळ टाकायचा नाही. परवाना फक्त सरदारांना आणि पाहुण्यांना. तळ्याकाठचे ढीमर, म्हणजे इथले कोळी, चोरून जाळी टाकत, पकडले गेले की दंड भरत. आता दरबार नाही म्हटल्यावर सगळे दिवसाउजेडी जाळी टाकतात. पोटात अंडी असलेली मासळीसुद्धा सोडत नाहीत. ती हजीऱ्याच्या बाजारात जास्त भावाने जाते म्हणे.

ढीमरांचा म्होरक्या पंचम आणि त्याची बायको गेंदाबाई. बोलणं सगळं तीच करते. मी बंदी म्हटलं तर म्हणाली, "साब, राजा को जमानो गओ, अब काए की बंदी?" पुढे माझ्याकडे पाहून नवऱ्याला म्हणाली, "पंडतजी हैं, मछरिया से डरात हैं." मी डरत नव्हतो. टोपलीतला एक मासा अचानक उडाला म्हणून मागे सरलो.

पलीकडच्या काठावर सरदार महिपतराव खुर्ची टाकून गळ लावून बसले होते. त्यांची जुनी शिकारकोठी तिथेच आहे. मी मुजरा केला, सवयीने. "अरे माधवराव, तुम्ही? तुम्हाला मासे पाहायला लावून दिलं? क्या जमाना आला!" म्हणून पोट धरून हसले. मग त्यांनी छापील परवाना दाखवला, लाल मोहर असलेला. बंदीत तो चालणार नाही असं सांगायचं होतं. त्याऐवजी पुन्हा मुजरा केला. घरी आल्यावर राजलक्ष्मीने मला विहिरीवरच थांबवलं आणि कपडे तिथेच उतरवायला लावले.

शुक्रवार, १० जून

नोटिशीचा मसुदा इंदूरला पाठवला होता, तो परत आला. संचालकांनी लाल शाईने लिहिलंय, 'यावनी शब्दों का परित्याग किया जाए. राजभाषा शुद्ध हो.' आता आली का पंचाईत! दरबारात आम्ही जी हिंदी लिहिली ती अर्धी फारसीच. हुकूम, मनाही, शख़्स, सज़ा. शाळेला मदरसा म्हणायचो आणि शिकण्याला तालीम.

पण मी काही कच्चा नाही. संस्कृत आपल्या घरातलीच. सकाळभर बसून एकेक शब्द बदलला. मनाहीचा निषेध केला, शख़्सचा व्यक्ती. 'सज़ा'पाशी जरा अडलो आणि मग कपाळावर हात मारला. आपण रोज बोलतोच की! आता वाक्य असं उतरलंय:

'निषिद्ध काल में जो कोई व्यक्ति, चाहे वह किसी भी पद अथवा जाति का हो, इस ताल में मत्स्य-वध करेगा, उसे राज्य की ओर से तत्काल उचित शिक्षा दी जाएगी।'

तीनदा मोठ्याने वाचलं. काय भारदस्त वाक्य आहे! वाचूनच लोकांचे पाय लटपटावेत. अनसूया तांदूळ निवडत होती, ती ऐकून थांबली. माझी धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असते. रिकामा वेळ जावा म्हणून तिने हिंदीची 'विशारद' परीक्षा दिली, पासही झाली. मध्यंतरी शाळेत नोकरी करते म्हणत होती. मी स्पष्ट नाही म्हटलं. आपल्या घरातल्या बायका चार लोकांत खुर्च्या अडवून बसत नाहीत.

"दादा, 'शिक्षा'च लिहायचं पक्कं आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "का? सौम्य वाटते? आणखी कडक हवी?"

"नाही, नाही. उत्तम आहे. एक अक्षर बदलू नका," ती म्हणाली आणि घाईने तांदळात पाहू लागली. परीक्षा देऊन का होईना, चांगल्या भाषेची चाड तिला आहे.

गुरुवार, १६ जून

नोटिसा छापून आल्या. संचालकांनी मसुदा पाहिला असणारच, कारण वर त्यांची मोहर आहे. त्यांनी काही खोड काढली नाही याचा मनातून फार आनंद झाला. तळ्यावर वडाला एक, कोठीच्या भिंतीला एक, हजीऱ्याच्या मासळी बाजारात एक चिकटवली. ढोलवाल्याकडून दवंडीही पिटवली. ढोलवाल्याला ते वाक्य काही म्हणता येईना. तो नुसतं 'मछली मत मारो' म्हणत हिंडला.

अनसूयाने एक प्रत मागून घेतली, अक्षर छान आहे म्हणाली. संध्याकाळी तिच्या यजमानांची ती पोपटाच्या मुठीची छत्री घेऊन हजीऱ्याला गेली, पोलक्याचं कापड आणते म्हणून. बऱ्याच वेळाने आली. कापड काही मनासारखं मिळालं नाही म्हणाली.

मंगळवार, २१ जून

बंदीचा फज्जा उडाला आहे. आज अचानक तळ्यावर गेलो तर सगळी जाळी पाण्यात. मला पाहून कोणी पळालंही नाही! उलट हात हलवला. गेंदाबाई काठावरून ओरडली, "साब, हमें देख लओ? नाम लिख लओ हमाओ!" एकाने तर जाळं मुद्दाम उचलून दाखवलं. ही कसली निर्लज्ज जात? मी नावं लिहून घेतली. ते बाजूला उभं राहून आपापली नावं नीट सांगत होते, बापाच्या नावासकट.

घरी आलो तर इंदूरचं पत्र. तिकडच्या निरीक्षकाने बंदी मोडणाऱ्यांकडून दंड वसूल करायला सुरुवातही केली आहे. 'आपके यहाँ की प्रगति?' मला आज जेवण गेलं नाही. राजलक्ष्मीने कारण विचारलं, मी पित्ताचं निमित्त केलं. अनसूया मात्र पान वाढताना गाणं गुणगुणत होती. मला तिचा राग आला.

शनिवार, २५ जून

कचेरी उघडली आणि अंगणात बघतो तो सगळी ढीमर वस्ती! पुरुष, बायका, पोरं. पोरांना, त्यांच्या बोलीत मोड़ा-मोड़ींना, न्हाऊ घालून, डोक्याला तेल चोपडून आणलेलं. मला वाटलं, घाबरले. शरण आले. छाती फुगली. खुर्ची बाहेर मागवून बसलो.

पंचम हात जोडून म्हणाला, "साब, हमने बंदी तोड़ी है. सबने तोड़ी है. आपने खुद देखी."

"कबूल है?" मी आवाज चढवून विचारलं.

"हओ साब, कबूल है. तो अब दे देओ."

"क्या दे दूँ?"

गेंदाबाई पुढे आली. तिने बाजारातून काढून आणलेली नोटीस उघडली. वाचता तिला येत नाही, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं. "शिक्षा. राज की तरफ से. तत्काल. किसी भी जात को होय. हमाए मोड़ा-मोड़ी ले आए हैं साब, बैठाओ इनें. मास्टर किते है?"

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग माझ्या कारकुनाने, भिंडकडचा आहे तो, तोंडावर रुमाल धरला आणि आत पळाला. आणि मग मला कळलं. हिंदीत शिक्षा म्हणजे तालीम! मी, तीन दरबारी भाषा जाणणारा मी, सरकारी मोहर लावून अख्ख्या मुलखाला वचन देऊन बसलो की जो मासे मारील त्याला शाळेत घालू!

काय बोललो आठवत नाही. पोरं माझ्याकडे टकामका बघत होती. एकीने, पाच-सहा वर्षांची असेल, विचारलं, "जेई मास्टर हैं का?" मी 'सोमवारी या' म्हणून सगळ्यांना वाटेला लावलं आणि आत जाऊन बसलो. लाजेने जीव जातोय. इंदूरला कळलं तर हसून हसून मला जादा करतील.

रविवार, २६ जून

राजलक्ष्मीला सगळं सांगून टाकलं, नोकरीचं धरून. ती रागावेल वाटलं होतं. ती म्हणाली, "एवढं एकटे पोटात घेऊन बसलात?" आणि मग तिला हसू आवरेना. हसता हसता डोळे पुसत होती.

अनसूया म्हणाली, "दादा, शब्द सरकारचा आहे. मोहर आहे त्यावर. दिलात तर फिरवू नका."

"अगं पण त्यांनी बंदी मोडली तर शिक्षा द्यायची, म्हणजे शाळा चालवायला त्यांनी रोज मासे मारायला हवेत! पाळली तर काही नाही. हा काय कायदा झाला?"

"त्यांनी मोडून झालीय ना? हक्क मिळून गेला. आता पाळायला काय हरकत आहे? असं सांगून बघा."

मला हे पटलं. खरं म्हणजे मीही त्याच दिशेने विचार करत होतो.

सोमवार, २७ जून

सांगून पाहिलं. वडाखाली बैठक बसली. मी म्हटलं, वर्ग काढतो, पण आजपासून नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तुमच्या राखीपर्यंत, पाण्यात एकही जाळं दिसता कामा नये. पुरुषांनी तोवर बंधाऱ्याच्या डागडुजीवर कामाला जावं, ते मी लावून देतो. म्हातारे कुजबुजायला लागले. शेवटी गेंदाबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर ओरडली, "एक बेर तोड़ तो दई! अब का रोज-रोज तोड़हो? मोड़न की शिक्षा हो रई है, जाल उठाओ!"

आणि जाळी उठली! माझ्या डोळ्यांदेखत, एकामागून एक. ओली जाळी वडाच्या फांद्यांवर टाकली. टांग्यात बसल्यावर मी मोठ्याने हसलो, टांगेवाला वळून बघायला लागला. पण एक अट गेंदाबाईने घातली आहे. "किसी भी पद को, लिखो है न साब? तो बे सरदार साब भी गल नईं डारेंगे. बे डारें तो हम भी डारें."

रविवार, ३ जुलै

मास्तर मिळेना. ढीमरांच्या वस्तीत जायचं म्हटलं की प्रत्येकाला काही ना काही दुखतं. अनसूया म्हणाली, "कोणी मिळेपर्यंत तात्पुरती मी जाते. शासनाची निकड आहे, नाहीतर मी कशाला जाते?" मी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं आणि खात्याच्या हिताखातर परवानगी दिली. खुर्ची नाहीच तिथे, वडाखाली चटई आहे, तेव्हा खुर्ची अडवण्याचा प्रश्न नाही. पाट्या तिने आधीच आणून ठेवल्या होत्या, हे एक बरं झालं.

मंगळवार, १२ जुलै

ज्याची धास्ती होती तेच झालं. तळ्यावर गेलो तर काठावर सगळी ढीमर मंडळी गोळा झालेली आणि समोर सरदार महिपतराव गळ टाकून बसलेले. पायाशी अंड्यांनी टरारलेली मासळी. पावसाची बुरबुर होती, नोकराने त्यांच्यावर छत्री धरली होती. सगळे फक्त माझ्याकडे पाहत होते. पंचमच्या खांद्यावर जाळं होतं.

मला कळून चुकलं की बंदी टिकणार की नाही ते आता ठरणार, आणि माझी नोकरीही. याच माणसाच्या ड्योढीवर माझे वडील दसऱ्याला सोनं द्यायला जात. मी मुजरा केला. मग म्हटलं, "सरदारसाहेब, बंदी आहे. गळ काढा."

"आमच्याजवळ परवाना आहे."

"तो दरबारचा. दरबार विलीन झाला, परवानाही झाला. नियम हौशी गळालाही तोच."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मला? मला तुम्ही शिक्षा देऊन राहिले? काय शिक्षा देणार, सांगा तरी!"

मी वडावरच्या नोटिशीकडे बोट दाखवलं. "जी सगळ्यांना तीच. लिहिल्याप्रमाणे."

गेंदाबाई लगेच चटईवर सरकली आणि जागा केली. "आओ सरदार साब, बैठो. बहनजी, इनें भी पट्टी दै देओ!" आणि अनसूयाने खरोखरच उठून, अगदी गंभीर चेहऱ्याने, त्यांच्या हातात पाटी दिली. मला वाटलं, आता हे चाबूक मागवणार.

सरदारांनी पाटीकडे पाहिलं, गळाकडे पाहिलं. मासळी उचलून पाण्यात सोडून दिली, गळ गुंडाळला आणि गाडीत बसून निघून गेले. जाताना पाटी त्यांच्या हातातच होती.

काठावर जो आरडाओरडा झाला तो मी जन्मभर विसरणार नाही. पंचमने जाळं परत फांदीवर टाकलं. एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मी, सोवळ्याचा माणूस, तिथे चिखलात उभा राहून रडलो.

शुक्रवार, १५ जुलै

सरदारांचा माणूस घरी आला. त्याने टेबलावर किल्ली ठेवली. शिकारकोठीची. निरोप तोंडी होता: 'विलीनीकरण झाल्यापासून आम्हाला कोणी काही विचारलं नाही, की अडवलंही नाही. आम्ही जिवंत आहोत की नाही त्याची सरकारला फिकीर नाही असं वाटून राहिलं होतं. माधवरावांनी अडवलं, बरं वाटलं. झाडाखाली पोरं भिजतात. कोठी घ्या. पाटी वापस करत नाही.'

राजलक्ष्मीने देवापुढे साखर ठेवली.

रविवार, २४ जुलै

उथळ पाण्यात पिल्लं आली आहेत! चाळण धरली तर पाणी नुसतं वळवळतं. मी पायजमा गुडघ्यापर्यंत खेचून आत उतरलो आणि ओंजळीत घेतली. बोटांना गुदगुल्या झाल्या. पंचम म्हणाला, त्याच्या आयुष्यात एवढी पाहिली नाहीत. कोठीतून पोरांचा बाराखडीचा सूर येत होता, त्यात अनसूयाचा आवाज सगळ्यांत वर. घरी ती इतकी हळू बोलते की दोनदा विचारावं लागतं.

विहिरीवर राजलक्ष्मीने कपडे उतरवायला सांगितले नाहीत. माशाचा वास घरात घेऊन आलो तरी काही म्हणाली नाही.

सोमवार, ८ ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

नारळी भात झाला. अनसूयाने राखी बांधली. ओवाळणी काय हवी विचारलं तर म्हणाली, "सही." कोठीच्या वर्गावर कायम शिक्षिका म्हणून नेमावं, असा अर्ज तिने शुद्ध हिंदीत लिहून ठेवला होता. खाली शिफारस करणाऱ्याची जागा मोकळी. भावाने बहिणीला नोकरीला लावायचं? मी लेखणी घेतली, खाली ठेवली. मग तिचा चटईवरून उठून सरदारांना पाटी देणारा चेहरा आठवला आणि सही ठोकली. सही करताना मला वाईट वाटलं नाही. अभिमान वाटला, हे लिहून ठेवतो.

तार आली आहे. संचालक उद्या स्वतः तळ्यावर येताहेत.

मंगळवार, ९ ऑगस्ट. भुजरिया

काय दिवस! काय दिवस!

आज इथल्या बायका गव्हाचे कोवळे अंकुर, त्या भुजरिया, तळ्यात सोडतात. सगळा काठ गाण्यांनी भरला होता. अंकुर पाण्यात गेले की जाळी टाकायची असं ठरलं होतं. मी पाण्याला नारळ दिला. किनाऱ्याच्या नियमावलीतली तेवढी एक गोष्ट, एक दिवस उशिरा का होईना, पाळली.

दौलतसिंहजी आले. उंच, पांढरे कपडे, हसणं ठाऊक नसलेले. आल्या आल्या वडापाशी थांबले आणि नोटीस वाचू लागले. मी डोळे मिटून घेतले.

"माधवरावजी, यह 'शिक्षा' किसने लिखा?"

"मैंने, श्रीमान."

"आपका अभिप्राय दंड से था?"

मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही. बोलला तो पंचम, एरवी बोलणं बायकोवर सोडणारा. "साब, दंड तो हम बाप-दादा से भरत आए. दंड भरो और फिर जाल डारो. जे पहली सरकार है जिसने कई कि मछरिया मारहो तो पढ़ाएँगे. ऐसी सरकार से को बेईमानी करे?"

तेवढ्यात जाळं ओढल्याचा ओरडा झाला. सगळे धावले, संचालकही. जाळं ओढायला वस्तीतले सारे पुरुष लागले, तरी हलेना. शेवटी सरदार महिपतराव, ते खुर्ची टाकून बघायला आले होते, बाह्या सरसावून दोराला लागले. मग मीही लागलो. जाळं काठावर आलं तेव्हा उन्हात सगळं रुपेरी रुपेरी झालं. रोहू, कतला, एकेक मासा हातभर! अंगठ्याएवढी पिल्लं वेचून वेचून पोरं परत पाण्यात सोडत होती. हे त्यांना अनसूयाने शिकवलंय. गेंदाबाईने सगळ्यांत मोठा मासा माझ्या हातात ठेवला आणि मी तो धरला, दोन्ही हातांनी, छातीशी!

दौलतसिंहजी वाकून जाळ्यातली मासळी पाहत राहिले. मग म्हणाले, "दूसरे तालों पर मैंने दंड लिखवाया था. वहाँ दंड बहुत आया. मछली नहीं आई." कोठीत जाऊन त्यांनी मुलांचं वाचन ऐकलं, अनसूयाशी हिंदीत बोलले. बाहेर येऊन मला म्हणाले, "आपकी बहन की हिंदी आपसे अच्छी है." आणि ते हसले! मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं की कछौआची बंदी पहिली आली, निरीक्षक कायम, शाळाही कायम.

मी घरी जाऊन राजलक्ष्मीला दारातूनच ओरडून सांगितलं. ती पदराने डोळे टिपत म्हणाली, "आधी विहिरीवर जा. आज खरंच जा."

रविवार, १४ ऑगस्ट

दोन्ही हुकूम आले. माझा आणि अनसूयाचा, एकाच लखोट्यात. सोबत दुरुस्त नोटीस, 'शिक्षा'च्या जागी 'दंड'. वडावर लावायला गेलो तर गेंदाबाईने हात धरला. जुनीच राहू दे म्हणाली. मीही नवी घडी करून खिशात ठेवली.

आज हजीऱ्यात मासळी बाजाराची पाहणी करताना एक नवल कळलं. एक म्हातारा विक्रेता म्हणाला, नोटीस लागली त्याच संध्याकाळी एक बहनजी आली होती. पांढरी धोती, म्हणजे लुगडं, हातात छत्री, मुठीला कसलासा पक्षी. तिने ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं, अर्थ समजावला, आणि गेंदाबाईला कोणत्या ओळीवर बोट ठेवायचं तेही शिकवलं. गेंदाबाईला विचारलं तर ती पदर तोंडात कोंबून हसत पळाली.

कोण असेल ही बाई? कुठल्या तरी मिशनची असावी. तिच्यामुळे माझी नोकरी टिकली, आणि मी तिचे आभारही मानले नाहीत, याची आता फार रुखरुख लागून राहिली आहे. अनसूयाला विचारलं, ती त्या संध्याकाळी तिथेच गेली होती, तिच्या पाहण्यात आली का? ती उद्याच्या धड्याची तयारी करत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या ना, दादा. तिला जे हवं होतं ते मिळालं असेल."

हिला कसं ठाऊक? उद्या पुन्हा हजीऱ्यात जाऊन चौकशी करतो. पावसाचं चिन्ह आहे, अनसूयाची छत्री मागून घ्यायला हवी.